मालवणातलं जुन्या नाण्यांचं दुकान आणि पोलंडच्या झ्लॉटीचा सेट

मालवण बाजारपेठेत मेन रस्त्यावरून जेटीकडे जाताना आतल्या अंगाला एक छोटंसं दुकान आहे, जुनी नाणी, नोटा, पोस्टाची तिकिटं, थोडी जुनी पितळेची भांडी असं सगळं एकत्र. बोर्ड आहे पण उन्हापावसाने एवढा उडालाय की वाचता येत नाही, आणि दुकानाचं नाव मी पण लिहीत नाहीये कारण काकांनी सांगितलंय नको टाकू म्हणून, एकट्याने दुकान बघतात, गर्दी झेपत नाही. बाजारात कोणालाही नाणेवाले कुठे बसतात विचारा, दाखवतील. आपल्याकडे थाळीचे, होमस्टेचे, स्कुबाचे रिव्ह्यू ढिगाने मिळतात पण अशा दुकानाबद्दल कोणी काही लिहीत नाही म्हणून मी लिहितेय, आणि जरा सविस्तर लिहितेय कारण तिथून घेतलेला पोलंडच्या पैशांचा सेट मला फार म्हणजे फारच आवडलाय.

पोलंडच का, तर माझा भाचा बोटीवर असतो, त्याची बोट गदान्स्कला लागली होती तेव्हाचे सुटे पैसे त्याने आणून दिले, त्यात एक ग्रोशचं, म्हणजे त्यांच्या झ्लॉटी या चलनाच्या शंभराव्या भागाचं, एवढंसं पिवळं नाणं होतं आणि मला त्याच्यावरचा मुकुटवाला गरुड इतका आवडला की म्हटलं हा देश नीट गोळा करायचा. त्याच्याकडच्या नोटा बदलून मिळतील का हे पण विचारायचं होतं, त्यावर काकांनी लगेच सांगितलं, "नोट बदलून हय गावाची नाय गो बाय, त्येका लायसन लागता." हे बरोबर आहे, परदेशी चलन बदलून द्यायला रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो, काका फक्त संग्रहाची नाणी-नोटा विकतात. आणि सुटी नाणी तर परवानेवाले पण सहसा घेत नाहीत, तेव्हा कोणाच्या घरी बोटीवरची मंडळी असतील आणि डब्यात परदेशी चिल्लर पडली असेल तर ती बदलायच्या मागे न लागता सरळ अल्बम करा.

आता सेटबद्दल. जाड पुठ्ठ्याचा अल्बम, त्यात सध्याची चालू नाणी सगळी, म्हणजे 1, 2, 5, 10, 20, 50 ग्रोश आणि 1, 2, 5 झ्लॉटी, मग कम्युनिस्ट काळातली ॲल्युमिनियमची काही नाणी, एक 1923 साल लिहिलेलं 20 ग्रोशचं नाणं, आणि दोन नोटा, एक चालू 10 झ्लॉटीची आणि एक जुनी 20,000 झ्लॉटीची. मागितले सोळाशे, शेवटी चौदाशे पन्नासला दिला. चालू नाण्यांची बेरीज केली तर 8 झ्लॉटी 88 ग्रोश होते, एका झ्लॉटीचे साधारण वीस ते पंचवीस रुपये पकडा, म्हणजे दोनशेच्या आसपासची तर नुसती चिल्लरच आहे, वर दहाची चालू नोट, त्यामुळे मला भाव रास्त वाटला. शहरातल्या प्रदर्शनांत हीच चालू नाणी 'दुर्मिळ' म्हणून दुप्पट-तिप्पट भावाने विकताना मी बघितलंय. काका चालू नाण्याला चालूच म्हणतात, हे मला महत्त्वाचं वाटतं.

दुकानात बसायला एक स्टूल आहे आणि काका घाई करत नाहीत. "बघ सावकाश, बघूक पैशे लागनत नाय." प्रत्येक खणाखाली त्यांच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी, देश, साल, धातू आणि एखादी ओळ माहिती. पोलंडच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'झ्लॉटी म्हणजे सोन्याची'. एवढंच. त्यावरून आमच्या गप्पा सुरू झाल्या आणि नंतर घरी येऊन मी बरंच वाचलं, ते सगळं इथे सांगते कारण हा सेट घेऊन नुसता कपाटात ठेवला तर त्याची मजा अर्धीच आहे.

आधी उच्चार. आपण पेपरात झ्लॉटी वाचतो आणि मी पण तेच लिहितेय, पण पोलिश लोक झ्वॉतीच्या जवळपास म्हणतात, कारण त्यांच्या स्पेलिंगमधल्या त्या ल वर तिरकी रेघ असते आणि त्याचा उच्चार व सारखा होतो. भाच्याला दुकानात झ्लॉटी म्हटल्यावर समजून घेतलं लोकांनी, पण उत्तर झ्वॉती असंच आलं. आणि नाण्यांवर अजून एक गंमत दिसते, 1 वर झ्वॉती, 2 वर झ्वॉते आणि 5 वर झ्वॉतिख असं वेगवेगळं लिहिलेलं असतं, त्यांच्या व्याकरणात दोन ते चारला एक रूप आणि पाचपासून पुढे दुसरं. नऊ नाणी ओळीने लावली की हा सगळा प्रकार डोळ्यासमोर येतो, खालच्या नाण्यांवर पण तसंच, ग्रोश, ग्रोशे, ग्रोशी.

तर नाव. पोलिशमध्ये झ्वोतो म्हणजे सोनं आणि झ्वॉती म्हणजे सोन्याचा, सोनेरी. हे मुळात कुठल्या पोलिश नाण्याचं नावच नव्हतं. चौदाव्या-पंधराव्या शतकात पोलंडमध्ये बाहेरची सोन्याची नाणी फिरायची, हंगेरीची, व्हेनिसची, जर्मन राज्यांची, फ्लोरिन आणि डुकाट, आणि लोक त्या सगळ्यांनाच 'सोन्याचं' म्हणायचे. रोजच्या व्यवहारात चांदीचा ग्रोश होता, हा शब्द लॅटिन ग्रोसस म्हणजे जाड यावरून आलाय, बारीक पातळ देनार नाण्यांच्या जागी आलेलं जाड नाणं, बोहेमियातल्या कुत्ना होरा गावात 1300 मध्ये असे 'प्राग ग्रोशन' पाडायला लागले आणि तिथून ते आजूबाजूला पसरले. मग 1496 मध्ये, यान ओल्ब्राख्त राजा असताना, पोलंडच्या सेयम म्हणजे संसदेने ठरवून टाकलं की एक झ्लॉटी म्हणजे 30 ग्रोश.

इथून खरी गोष्ट सुरू होते. सोन्याचा भाव वाढत गेला, ग्रोशमधली चांदी कमी होत गेली, त्यामुळे खऱ्या सोन्याच्या डुकाटला तीसपेक्षा जास्त ग्रोश पडायला लागले. पण हिशोबातला झ्लॉटी तीसलाच अडकून राहिला. मग लोकांनी दोन नावं केली, खरं सोन्याचं नाणं म्हणजे 'चेर्वोनी झ्लॉटी', लाल सोन्याचा, आणि हिशोबातला तो 'पोलिश झ्लॉटी'. म्हणजे दीडशेहून जास्त वर्षं पोलिश झ्लॉटी नावाची वस्तू हातात घेता येत नव्हती, ती फक्त वहीत होती. नाव सोन्याचं, पैसे मोजायचे चांदीत आणि नाणं कुठेच नाही.

आणि आता मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. व्हेनिसचा डुकाट 1284 पासून पाडला जायचा, साडेतीन ग्रॅमचं जवळपास शुद्ध सोनं, एका बाजूला व्हेनिसचा राज्यप्रमुख संत मार्कसमोर गुडघे टेकून बसलेला, दुसऱ्या बाजूला येशू. व्हेनिसचे व्यापारी अलेक्झांड्रियात मसाल्याचे पदार्थ घ्यायचे आणि हे सोनं देत, तिथून ते तांबड्या समुद्रातून आपल्या किनाऱ्यावर यायचं, मिरी, कापड, बाकीचा माल याच्या बदल्यात. आपल्या लोकांनी त्याच्यावर उभ्या-बसलेल्या आकृत्या बघितल्या आणि नाव ठेवलं पुतळी. पुतळ्यांची माळ ती हीच! आता आपण घालतो त्या पुतळ्या सोनारांनी नंतर केलेल्या, पण चाल तिथून आली. माझ्या आत्येकडे आहे तशी माळ, लग्नात मी घातलेली, आणि मला हे माहीत नव्हतं की गळ्यात जे नाणं म्हणून मिरवलं त्याच जातीच्या नाण्याला तिकडे पोलंडमध्ये लोक झ्लॉटी म्हणत होते. एकच डुकाट, तिकडे त्याच्यावरून देशाच्या चलनाचं नाव पडलं आणि इकडे दागिन्याचं. काकांना हे सांगितलं तर त्यांनी शोकेसमधून एक नकली व्हेनिस डुकाट काढला, आपल्याकडच्या सोनाराने पाडलेला, अक्षरं सगळी बिघडलेली, आकृत्या काठीसारख्या, आणि मला बराच वेळ भिंगाने बघू दिला. विकायला नाही तो.

त्याच शोकेसमध्ये एक लारी पण आहे, चांदीची तार दुमडून वर ठसा मारलेली, आदिलशाहीत दाभोळ-चौलच्या बाजूला चालायची ती. इराणातल्या लार गावावरून तिचं नाव पडलं. गणित सोपं आहे, बंदराला जे नाणं येतं त्याचं नाव बंदरच ठेवतं. आणि आपला होन? तो कन्नड होन्नुवरून, होन्नु म्हणजे सोनं. म्हणजे शिवाजी महाराजांचा होन आणि पोलंडचा झ्लॉटी, दोघांच्याही नावाचा अर्थ सोनंच. रुपयाचं पण तसंच आहे, रूप्य म्हणजे चांदी, शेरशाहच्या वेळचा चांदीचा रुपया, आणि आज खिशातला रुपया स्टीलचा. नावातून धातू जात नाही, नाण्यातून जातो.

पोलंडमध्ये तर तो फारच वाईट रीतीने गेला. 1660 च्या दशकात स्वीडनशी, रशियाशी, कोसॅकांशी लढून देश खलास झाला होता, तिजोरीत काही नाही, तेव्हा राजा यान काझिमिर्झच्या टांकसाळीतून 1663 पासून आंद्रेय टिम्फ नावाच्या कंत्राटदाराने 30 ग्रोश किमतीचं चांदीचं नाणं काढलं. म्हणजे झ्लॉटी नावाचं पहिलं हातात येणारं नाणं, आणि त्यात चांदी किती, तर साधारण बारा-तेरा ग्रोशची! त्याच्यावर लॅटिनमध्ये लिहिलं होतं की देशाचं रक्षण याला किंमत देतं, आणि ते धातूपेक्षा मोलाचं आहे. लोकांना ते पटलं नाही. राजाच्या नावाची आय सी आर ही अक्षरं नाण्यावर होती, त्याचा लोकांनी वेगळाच अर्थ लावला, इनिशियम कॅलामिटातिस रेग्नी, राज्याच्या आपत्तीची सुरुवात. नाण्यालाही लोक टिम्फच म्हणायला लागले, आणि 'चांगला विनोद टिम्फच्या तोडीचा' अशी म्हण पोलिशमध्ये अजून आहे. आमच्या सेटमध्ये अर्थात टिम्फ नाही, काकांकडे फक्त छापलेला फोटो आहे, तो मागितला तर बघायला देतात.

याच्या कितीतरी आधी पोलंडचाच कोपर्निक, तोच आपला सूर्य मध्ये ठेवणारा, नाणी कशी पाडावीत यावर लिहून गेला होता. 1526 च्या त्याच्या लेखनात स्पष्ट आहे की हिणकस नाणं बाजारात आलं की लोक चांगलं नाणं लपवून ठेवतात आणि खराबच फिरत राहतं. खगोलशास्त्रज्ञाने टांकसाळीबद्दल लिहिलंय हे मला माहीत झाल्यापासून त्याच्याबद्दलचा आदर दुप्पट झालाय.

पुढचं थोडक्यात सांगते. 1766 मध्ये राजा स्तानिस्वाव आउगुस्तने चलन नीट बसवलं, वॉर्साची टांकसाळ त्याच वर्षीची, आजही पोलिश नाण्यांवर गरुडाच्या पायाशी बारीक एम डब्ल्यू असं चिन्ह दिसतं ते तिचं, भिंग लावलं की आमच्या सेटमध्ये पण दिसतं. 1794 मध्ये सेनापती कोश्चुश्कोच्या रशियाविरुद्धच्या उठावात पहिल्या कागदी नोटा निघाल्या. मग देशच वाटून घेतला गेला, रशियन काळात नाण्यांवर 15 कोपेक आणि 1 झ्लॉटी असं दोन्ही लिहायला लागले, आणि शेवटी रुबलच राहिला. 1918 ला देश परत मिळाला तेव्हा हातात पोलिश मार्क होता, नवीन चलनाला नाव काय द्यायचं यावर वाद झाला, 1919 च्या फेब्रुवारीत आधी 'लेख' (Lech) असं नाव ठरवलं, दंतकथेतल्या त्यांच्या मूळ पुरुषावरून, आणि त्याच महिन्यात संसदेने ते बदलून झ्लॉटी केलं. मला हा निर्णय फार आवडतो. शंभरेक वर्षं परक्यांच्या राज्यात राहून परत आल्यावर त्यांनी नवीन चकचकीत नाव न घेता आजोबांच्या तोंडातलं नाव घेतलं. प्रत्यक्षात तो चलनात आला 1924 मध्ये, पंतप्रधान ग्राबस्कीच्या सुधारणेत, महागाई इतकी झाली होती की एका झ्लॉटीला 18 लाख मार्क द्यावे लागले.

आता सेटमधल्या 1923 च्या नाण्यावर येते कारण इथे काकांचा स्वभाव कळला. चिठ्ठीवर होतं 'निकेल'. खरी 1923 ची 10, 20, 50 ग्रोशची नाणी निकेलची, बरोबर आहे. पण दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी पोलंड घेतल्यावर त्यांनी जस्ताची नाणी पाडली आणि साल 1923 च ठेवलं, म्हणजे साल वाचून काही कळत नाही. मी हे बोलले तर काका म्हणाले, "चुंबक लाव, मगे कळतला." निकेल चुंबकाला चिकटतं, जस्त चिकटत नाही, आपला 1947 चा वाघवाला रुपया पण निकेलचा म्हणून चिकटतो, त्यांनी आधी त्याच्यावर लावून दाखवलं. मग हे लावलं, चिकटलं नाही. काकांनी लगेच चिठ्ठी फाडली, दुसरी लिहिली 'जस्त, जर्मन ताबा' आणि स्वतःहून पन्नास रुपये कमी केले. सोळाशेचे साडेचौदाशे झाले त्यातले पन्नास हे. मला खरं म्हणजे जस्ताचंच जास्त आवडलं, करडं, डाग पडलेलं, हलकं, त्या वर्षांतलं कोणाच्या तरी पावाचं नाणं असेल ते.

अजून एक. त्यांच्याकडे 1930 च्या दशकातलं पोलिश मार्शल पिवसुद्स्कीचं चांदीचं 5 झ्लॉटीचं नाणं सुट्टं आहे, 11 ग्रॅम, 75 टक्के चांदी, मिशीवाला चेहरा. मी विचारलं की हे वळिवड्याच्या पोलिश कॅम्पमधून आलेलं असेल का, कारण कोल्हापूरजवळ वळिवड्याला 1943 ते 1948 जवळपास पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते, बहुतेक बायका आणि मुलं, सोव्हिएत रशियातून इराणमार्गे आलेली, आणि कोल्हापूर आपल्याला घाट चढलं की आलंच. दुसरा कोणी असता तर हो म्हणून हजार रुपये वाढवले असते. काका म्हणाले, "ह्या खंयसून इला ता माका ठाऊक नाय, खोटा कित्याक सांगू." या एका वाक्यासाठी मी या दुकानाला पैकीच्या पैकी मार्क देते. नाण्यांच्या धंद्यात गोष्ट चिकटवून भाव वाढवणं सगळीकडे चालतं. नाणं महाग वाटलं म्हणून घेतलं नाही, पण मनात आहे.

सेटमधलं सगळ्यात लाडकं कुठलं, तर ॲल्युमिनियमचं 5 झ्लॉटीचं, 1958 पासून पाडलेलं. त्याच्यावर एक कोळी आहे, वाकून जाळं ओढणारा! मी मालवणात, रापणीच्या गावात, बाल्टिक समुद्रावरच्या कोळ्याचं नाणं हातात धरून उभी होते आणि बाहेरून मासळीवाल्या बायकांचे आवाज येत होते. नाणं मोठं आहे, 29 मिलिमीटर, पण वजन साडेतीन ग्रॅमसुद्धा नाही, हातावर ठेवलं तर बिस्किटाच्या वेष्टनासारखं हलकं. मागच्या बाजूला गरुड आहे पण डोक्यावर मुकुट नाही, कम्युनिस्ट काळात मुकुट काढला होता, राजेशाहीची खूण म्हणून, तो 1990 ला परत आला. अल्बममध्ये बिनमुकुटाचा आणि मुकुटाचा गरुड समोरासमोरच्या पानांवर आहेत, ही मांडणी काकांची, आणि ती अतिशय विचारपूर्वक केलीय.

नोटांमध्ये 20,000 ची म्हणजे मारी स्क्वोदोव्स्का क्युरी, 1989 ची नोट. आपण मादाम क्युरी म्हणतो पण ती पोलंडची, पोलोनियम हे नाव तिने आपल्या देशावरूनच दिलं. वीस हजार आकडा बघून लोकांचे डोळे मोठे होतात, पण त्या वर्षांत महागाई सुसाट सुटली होती, नोटा वाढत वाढत 1992 मध्ये 20 लाखाची निघाली, पियानोवादक आणि पंतप्रधान पादेरेव्स्कीची, आणि तिच्या पहिल्या छपाईत एका शब्दातलं अक्षरच राहून गेलं होतं. मग 1 जानेवारी 1995 ला चार शून्यं कापली, 10,000 जुने म्हणजे 1 नवा. म्हणजे माझी क्युरीबाई दोन झ्लॉटीची झाली. आणि जुन्या नोटा बदलून घ्यायची मुदत 2010 अखेरीस संपली, आता बँकेत तिला काही किंमत नाही, हे विकताना काकांनी आधीच सांगितलं, मला विचारावं लागलं नाही. कोणी तुम्हाला जुन्या पोलिश लाखांच्या नोटा दाखवून 'तिकडे गेलात तर भरपूर मिळतील' म्हणाला तर अजिबात विश्वास ठेवू नका.

चालू दहाच्या नोटेवर मिएश्को, इतिहासाला माहीत असलेला पोलंडचा पहिला शासक, आणि पुढे वीस, पन्नास, शंभर, दोनशे, पाचशे असे राजे काळाच्या क्रमाने चढत जातात, पाचशेवर यान सोबिएस्की, ती नोट 2017 ची. चित्रकार एकच, आंद्रेय हायद्रिख, ती क्युरीची नोट पण त्यांचीच. नोट आकाराने पण चढत जाते, दहाची 120 बाय 60 मिलिमीटर आणि प्रत्येक पुढची 6 ने लांब, 3 ने उंच, शिवाय न दिसणाऱ्यांसाठी हाताला लागेल अशी खूण, दहाला चौकोन, वीसला गोल. भाचा म्हणतो तिकडे भाव 4,99 असे लिहिलेले, पॉइंटच्या जागी कॉमा, आणि एक ग्रोश खरोखर परत देतात. युरोपियन युनियनमध्ये 2004 ला गेले तरी युरो अजून घेतलेला नाही, त्यामुळे हे चलन आजही जिवंत आहे, संग्रहाला हे चांगलं, दरवर्षी नवीन सालाची नाणी भर घालता येतात.

आता दुकानाच्या ज्या गोष्टी खटकल्या त्या. पहिली आणि गंभीर, अल्बमची प्लास्टिकची पाकिटं मऊ पीव्हीसीची आहेत. कोकणातल्या हवेत हे नाण्यांना मारक, त्यातून ओशट हिरवट थर सुटतो, आणि आपल्याकडे खारी हवा, पावसात भिंतीला पाणी, तांबं-पितळ लगेच हिरवं पडतं. मी घरी आणल्यावर सगळी नाणी काढून पुठ्ठ्याच्या चौकोनी होल्डरमध्ये घातली, सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद डब्यात, पुड्या पावसाळ्यात वरचेवर बदलायच्या. काकांना बोलले, ते म्हणाले पुढच्या वेळी आणतो, आणायलाच हवेत. नाणी घासून चकचकीत करू नका, जस्ताचं आणि ॲल्युमिनियमचं तर मुळीच नाही, साबणाच्या पाण्यात पण बुडवू नका.

दुसरं, दुकानात उजेड कमी आहे, एकच ट्यूब, तीही मागच्या बाजूला, स्वतःचा टॉर्च आणि भिंग घेऊन जा नाहीतर बारीक सालं वाचता येत नाहीत. तिसरं, दुपारी एक ते साडेचार बंद, आणि बंद म्हणजे बंद, पर्यटक बाहेर उभे राहून हाका मारतात पण उपयोग नाही. यूपीआय चालतं, कार्ड नाही. बिल मागितलं तर वहीतलं पान फाडून लिहून देतात, त्याच्यावर प्रत्येक नाण्याचं साल आणि धातू लिहून घ्या, काका न कुरकुरता लिहितात. जुनी शिवराई, होन असं काही बघायचं असेल तर शोकेसमधलं दाखवतात पण होन विकायला नाही आणि कोणी रस्त्यावर तुम्हाला शिवकालीन होन स्वस्तात देतो म्हणाला तर तो खोटाच समजा.

कोणी घ्यावा हा सेट? शाळेतल्या मुलांसाठी एकदम उत्तम, इतिहास, धातू, व्याकरण, महागाई सगळं एका अल्बममध्ये हाताला लागतं, माझ्या भाचीने चुंबक घेऊन घरातली सगळी नाणी तपासली. नुसती गुंतवणूक म्हणून घेणार असाल तर घेऊ नका, यातलं काहीच दुर्मिळ नाही. चांदीच्या नाण्यांकडे वळायचं असेल तर आधी वजनकाटा घ्या. मी पाचपैकी साडेचार देते, अर्धा कापला तो प्लास्टिकच्या पाकिटांसाठी.

कोणाकडे 1959 किंवा 1965 चं कोपर्निकवालं मोठं 10 झ्लॉटीचं नाणं ठीकठाक अवस्थेत असेल तर कळवा, माझ्याकडे वाघवाला 1947 चा रुपया एक जास्तीचा आहे, बदल्यात देईन.